गाडीला मशीन लावताना

नमस्कार मंडळी.

आज बोलायचंय ते गाडीच्या रंगावरच्या बारीक चऱ्यांबद्दल आणि ते काढायला लावतात त्या मशीनबद्दल. काळी किंवा गडद गाडी उन्हात उभी करा, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतील. आपल्याकडे काळ्या रानाचा फुफाटा बारमाही. सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकली की तीच धूळ रंगावर फिरते. आधी पाणी, मग फडकं. पुन्हा सांगतो, आधी पाणी, मग फडकं.

जालन्याकडची एक गोष्ट ऐका. ऐन लग्नसराई, काळी सेदान, नवरदेव त्याच गाडीतून निघणार. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग अंगभर पडलेले. वरातीच्या आदल्या दिवशी गाडी एका पेंटरकडे गेली. माणूस रंगकामात तरबेज, पण पॉलिशिंग मशीन नव्हतं. त्यानं लोखंड कापायच्या चार इंची ग्राइंडरला लोकरीचा पॅड बसवला. हा ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. रंगाला 1,000 ते 1,500 फेरे पुरतात.

दुपारचे दोन, गाडी उन्हात, बॉनेटला हात लावला तर चटका बसेल अशी. कंपाउंड, म्हणजे चरे घासून काढणारी खरखरीत पेस्ट, टाकला की लगेच वाळायचा. वाळला की मशीन अडखळायचं, अडखळलं की पेंटर जोर वाढवायचा. सपाट भागावर चकाकी आली, घरची मंडळी खूश झाली. मग मशीन बॉनेटच्या उंच घडीवर आलं आणि तिथं तीन-चार सेकंद थांबलं. पांढरी लोकर काळी पडायला लागली. पेंटरला वाटलं मळ निघतोय. तो मळ नव्हता. वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, संपला होता आणि खालचा खरा रंग लोकरीला लागत होता. पुढच्याच फेऱ्यात वीतभर लांबीची राखाडी रेघ उघडी पडली. तो प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर झेंडूचा हार टाकून वरात निघाली, आणि नंतर अख्खं बॉनेट नव्यानं रंगवावं लागलं.

हाराचं निघालंच आहे तर सांगतो. गाडीवर फुलं टेपनं चिकटवू नका. मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद रंगावर उतरतो. ताणून बांधलेली सुतळीसुद्धा सगळी वाट रंग घासत जाते. नवरदेवाच्या गाडीला पुढं एक साधा हार पुरे, असं माझं ठाम मत आहे.

आता बॉनेटवर ती रेघ का उघडी पडली ते बघा. कंपनीच्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन रंग असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). झेरॉक्सचा एक कागद जवळपास 100 मायक्रॉन जाड असतो. गाडीच्या रंगात क्लिअर कोट 40 मायक्रॉनच्या आसपास, आणि घडीवर, कडेला त्याहून पातळ. म्हणून कडांना आणि घड्यांना आधी मास्किंग टेप लावा. नखाला लागणारा ओरखडा पूर्ण काढायच्या फंदात पडू नका.

घरी किंवा छोट्या गॅरेजला मशीन घ्यायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. त्याचा पॅड गोल फिरतो आणि डोलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन, पटकन कापते, पण नवख्या हातात रंग जाळते, आणि उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टेही तीच मागं ठेवते. ड्युअल अ‍ॅक्शनच्या, पॅड बसतो त्या प्लेटच्या कडेवर मार्करनं एक रेघ ओढा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर जोर जास्त होतोय.

कामाची रीत अशी. सावलीत, थंड पत्र्यावर. आधी गाडी धुवा. पाण्याचे डाग असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुऊन टाका. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा. त्यानंतर दोन फूट बाय दोन फूट एवढ्याच जागेवर चाचणी घ्या, तीही मऊ फोम आणि बारीक पॉलिशनं. चरे गेले नाहीत तरच कटिंग पॅड, म्हणजे जास्त घासणारा कडक पॅड, आणि कंपाउंडकडे जा. मऊपासून सुरुवात, मऊपासून. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब टाका, मशीनवरचा वेगाचा आकडा चार-पाचवर ठेवा आणि हात सावकाश उभा-आडवा फिरवा. त्या जागेवरून हाताचे चार ते सहा फेरे बास. कंपाउंड वापरला तर शेवटी बारीक पॉलिशचा हात द्यावाच लागतो, नाहीतर धुरकट झाक राहते.

चाचणीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी चार भाग या मिश्रणानं पुसून बघा. पॉलिशमधलं तेल चरे झाकून ठेवतं. ते पुसल्यावर जे दिसेल तेच खरं.

आणि पॅड त्याच दिवशी धुवा. फोममध्ये वाळलेला कंपाउंड खड्यासारखा कडक होतो आणि पुढच्या गाडीवर नवे चरे पाडतो.