माणसं जमवायची, पण कुठे?

नमस्कार श्रोतेहो,

आमच्या वाचक मंडळाचा मेळावा जवळ आला, की पहिला प्रश्न येतो जागेचा. कोणी तरी म्हणतंच, "एखाद्या हॉटेलचा हॉल घेऊन टाकूया." सोय होते, हे खरं. पण पडदे ओढलेल्या एसी हॉलमध्ये आपण पणजीत आहोत की पुण्यात, हेच कळत नाही. पेडणे, काणकोण अशा गोव्याच्या दोन टोकांहून लोक बस बदलत येतात. घरी जाऊन सांगण्यासारखं काही त्यांना मिळायला नको?

म्हणून मी पणजीच्या आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेचा आग्रह धरते. १८७१ सालची ही संस्था. दारातून आत गेलं, की भिंतीवर निळ्या रंगात चितारलेल्या फरशा दिसतात. जॉर्ज कोलासो या चित्रकाराचं हे १९३५ सालचं काम. कामोइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर आहेत. एकमेकांना न ओळखणारी माणसंही तिथे थबकतात आणि बोलू लागतात. मेळाव्याला हवं असतं ते हेच.

पुस्तकाचा कार्यक्रम असेल, तर पणजीतल्याच पाटो भागातलं संस्कृती भवन. १८३२ साली सुरू झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय आता तिथे आहे आणि कदंब बसस्थानकही जवळ. मांडवीकाठची कला अकादमी माझ्या फार जिव्हाळ्याची. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची ती वास्तू डोळे भरून पाहावी. पण तीस माणसांसाठी तिथलं मोठं नाट्यगृह, दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, घेऊ नका. रिकाम्या खुर्च्या बोलणाऱ्याचा धीर खचवतात.

घरगुती स्नेहमेळावा, जेवणावळ असेल, तर फोंड्याकडच्या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे देवळांच्या आवारातल्या धर्मशाळा, आहेतच. जेवण शाकाहारी, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा. फोंतेन्यश या पणजीच्या जुन्या वस्तीमध्ये मात्र माईक लावून गर्दी करू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या अरुंद गल्ल्यांत माणसं राहतात.

एका ऑगस्टमध्ये माझी मोठी चूक झाली. जागा देखणी होती, पण वर पत्रे. वक्ते सत्तरी ओलांडलेले, हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेले कागद. पाच मिनिटं झाली नाहीत तोच पाऊस कोसळला. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही पोचत नव्हता. शेवटी त्यांनी कागदांची घडी केली, खिशात ठेवली आणि खाली बसले. ती घडी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून जागा ठरवण्याआधी मी कार्यक्रमाच्याच वेळी तिथे जाते. पावसाळा असेल, तर पाऊस पडत असताना जाते. सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसते आणि सोबतच्या माणसाला व्यासपीठावरून, माईक न घेता, एक कविता म्हणायला सांगते. जिने मोजते. शेवटची बस कितीची, ते विचारून घेते.

पुढच्या खेपेला त्याच वक्त्यांना मिनेझिस ब्रागांझात बोलावलं. फरशांपाशी ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग खिशातून तेच कागद काढले आणि मला म्हणाले, "चला बाई, आज वाचतो."