वीरगळावरचा ऑइलपेंट

(दृश्य : एकसर गाव. गल्लीत उभा असलेला दगड. कॅमेरा खालून वर.)

हा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्यांच्या आठवणीचा कोरीव दगड, आज बोरिवलीत येतो. पण 1882 साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद सापडते, कारण तेव्हा साष्टी बेटाचा हा सगळा मुलूख ठाण्याखाली होता. उंची दहा फुटांच्या आसपास. खालच्या पट्टीत उंच नाळेची गलबतं, डोलकाठ्या, एका ओळीत चाललेली वल्ही. वर जहाजाला जहाज भिडलंय आणि माणसं पाण्यात पडतायत.

एकसरला असे सहा दगड. काही अभ्यासक ही लढाई 1265 च्या सुमाराची मानतात : एकीकडे ठाण्याचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर, दुसरीकडे देवगिरीचा महादेव यादव. काही जण ती दोनशे वर्षं मागे नेतात. सोमेश्वराचं काय झालं, ते यादवांच्या हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने, लिहून ठेवलंय. महादेवाच्या रागापेक्षा सोमेश्वराने समुद्रातला वडवानल, म्हणजे पाण्याखालची आग, पत्करला. दरबारी भाषेत सांगितलंय, पण अर्थ सरळ आहे. राजा बुडाला.

राजाचं नाव तरी राहिलं. वल्ही मारणाऱ्यांचं कोण लिहिणार? त्यांच्यासाठी वीरगळ.

(दृश्य : ठाणे जिल्ह्यातला एक साधा, कमरेएवढा वीरगळ. प्रत्येक पट्टीवर थांबावे.)

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली माणूस आडवा पडलेला, त्याच्या वर ढाल-तलवारीची झटापट. शेजारी गाई कोरल्या असतील तर समजायचं, गावाची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना हा गेला. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला दोन्ही दंडांना धरून वर नेतायत. त्याच्या वर तोच माणूस हात जोडून शिवलिंगापुढे बसलाय. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र आणि सूर्य. ते दोघे आहेत तोवर याची कीर्ती राहील, हे सांगायला.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. नाव नाही, गाव नाही, साल नाही. जे आहे ते फक्त कोरीव काम. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट आहे.

(दृश्य : संगमरवरी पाटीचा जवळून घेतलेला भाग.)

सातशे वर्षांनंतरही फार काही बदललं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने कोकणात आणि घाटावर गावोगाव पाट्या बसवल्या. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात हा आकडा 46 आहे. पाटीवर आकडा येतो, माणूस येत नाही. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, वाळूत कोण पडलं, हे फक्त त्याच्या घरच्यांना ठाऊक.

आता नाव राहतं. मेजर कौस्तुभ राणे मीरा रोडचे, याच ठाणे जिल्ह्यातले. 7 ऑगस्ट 2018 ला काश्मीरच्या गुरेझमध्ये घुसखोरांशी लढताना गेले, वय 29. सोबत तीन जवानही गेले. मीरा रोडला अंत्ययात्रेत हजारो माणसं चालत होती. त्यांच्या पत्नी पुढे स्वतः लष्करात अधिकारी झाल्या.

(दृश्य : सीएसएमटी. लोकलमधून उतरणारी गर्दी.)

ठाण्याहून निघालेली लोकल जिथे संपते, तिथून काही पावलांवर अमर जवान ज्योती आहे. 11 ऑगस्ट 2012 ला आझाद मैदानातल्या दंगलीत जमावाने ती फोडली. लाथ मारतानाचा तो फोटो अनेकांना आठवत असेल. स्मारक कोणाचं, हे किती जणांना आठवतं? 1857 च्या उठावातल्या दोघांचं : मरीन बटालियनचे ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गाडिया. 15 ऑक्टोबर 1857 ला इंग्रजांनी दोघांना याच मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं. ज्याने लाथ घातली त्याला हे माहीत असतं तर पाय थांबला असता का, मला शंका आहे. पण त्यावर चिडलेल्या आपल्यातल्याही बऱ्याच जणांना ते माहीत नव्हतं.

स्मारकाची डागडुजी झाली. गुन्हे दाखल झाले. फोडलेलं निदान दिसतं तरी.

(दृश्य : मुरबाड तालुक्यातलं एक गाव. मारुतीच्या देवळामागचा चौथरा.)

इथे कोणी काही फोडलेलं नाही. उलट, गावाचा जीव आहे या दगडावर. घरात लग्न ठरलं की पहिला नारळ याला. जत्रेआधी दरवर्षी रंग. भगवा ऑइलपेंट, त्यावर चांदीचा, डोळे काळे, मिशी काळी. पुट इतकं जाड चढलंय की अप्सरांचे हात आता दिसत नाहीत. तळाशी आडवा पडलेला माणूस नव्या फरशीच्या सिमेंटखाली गेलाय. वर उरलाय एक देव. खाली मेलेला शिपाई होता, त्याची आठवण गावाने पूजेनेच पुसून टाकलीय.

लाथ आणि कुंचला एका मापाने मोजायचे नाहीत. एकात द्वेष आहे, दुसऱ्यात माया. पण ज्याचं नावही कोरलेलं नाही, त्याची कोरणीच बुजली तर मागे काय राहिलं? आणि हे फक्त खेड्यातलं नाही. शहरातल्या स्मारकांच्या कोनशिला पाहा. उद्घाटकाचं नाव चार बोटं उंच, जवानाचं शोधावं लागतं. बाकी कठडा फ्लेक्स बांधायला सोयीचा असतोच.

(ग्रामस्थ आजोबांशी संवाद.)

"आजोबा, हा कोण?"

"वीर आमचा. गावासाठी मेला म्हणतात."

"कुठे मेला, कसा मेला?"

"ते कुठं लिवलंय?"

लिहिलं होतं. आम्ही त्यांना दुसऱ्या गावच्या, रंग न लावलेल्या वीरगळाचा फोटो दाखवला. गाईंच्या पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ फोन परत दिला नाही.

1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं शिल्प पुरावशेष ठरतं. म्हणून रंग आपण खरवडायचा नाही. तारेचा ब्रश नको, ॲसिड तर नकोच, कोरीव काम रंगाबरोबर निघून येतं. ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचं. गावाच्या हातात आहे ते नवं पुट न चढवणं.

तेही सोपं नाही. रंग थांबवायचा तर आधी भगताला विचारायला हवं, असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. भगत म्हणाला, वीराला तेल-शेंदूर चालतो, ऑइलपेंट त्याने कधी मागितला नव्हता. आता शेंदूर कपाळापुरता लावायचा ठरलंय. जत्रेसाठी आणलेला भगव्या रंगाचा डबा मात्र तसाच पडून होता. तो अंगणवाडीच्या दाराला लागणार आहे.