फांदी मोडल्यानंतर

(दृश्य: वळवानंतरची सकाळ. प्रभात रस्त्याची एक गल्ली, आडवी पडलेली फांदी.)

काल संध्याकाळी वळीव झोडपून गेला. या पर्जन्यवृक्षाची फांदी बुंध्याची साल सोलतच खाली आली. करवत आली आहे, दोरही आलाय. कोपऱ्यावरच्या आजी एवढंच विचारतायत, "झाड वाचेल का हो?"

याचं उत्तर शोधायला आम्ही फार लांबच्या जंगलात डोकावलो.

(दृश्य: बर्फाच्या कवचाने काचेसारख्या झालेल्या मेपलच्या डहाळ्या.)

जानेवारी १९९८. पूर्व कॅनडा आणि अमेरिकेचा ईशान्य भाग. वर उबदार हवा, जमिनीलगत शून्याखालची. पावसाचा थेंब फांदीला टेकला की तिथेच गोठायचा. दिवसचे दिवस हे ओझं वाढत गेलं आणि लाखो एकरांवर मेपल, बर्च, बीच मोडले. पुढे न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलात शास्त्रज्ञांनी २०१६ आणि २०१७च्या हिवाळ्यात, गोठत्या रात्री, ओढ्याचं पाणी झाडांवर फवारून असं वादळ मुद्दाम घडवलंसुद्धा.

आपलं कातडं भरून येतं, तसं लाकूड भरून येत नाही. झाड जखम कोंडून टाकतं. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं. जखमेलगतच्या वाहिन्या बुजतात, बुरशीला नकोशी द्रव्यं तिथे साठतात आणि सालीखालचा जिवंत थर त्या भिंतीबाहेर नवं लाकूड घालत राहतो. आपल्या वडाच्या ढोलीत पिंगळा बसतो ना, तो या भिंतीच्या आतल्या बाजूला बसलेला असतो.

आणि सालीखाली डोळे असतात, वर्षानुवर्षं निजलेले. शेंडा मोडला, बुंध्यावर ऊन पडलं, की ते जागे होतात. धुमारे फुटतात ते मुळांत आणि लाकडात साठवलेल्या पिठूळ अन्नावर. मेपलवर संकट आलं ते पानगळीनंतर, गंगाजळी भरलेली असताना. आपला वळीव येतो तेव्हा बरीच झाडं नुकती पालवी फोडून बसलेली असतात, म्हणजे साठा खर्चून. म्हणून उरलेलं प्रत्येक हिरवं पान इथे मोलाचं आहे.

त्या जंगलांत निम्म्याहून कमी पर्णभार गमावलेली बहुतेक झाडं सावरली. तीन चतुर्थांशाहून जास्त गेलेल्यांची आशा थोडी होती. आमच्या झाडाचा एक तृतीयांश गेलाय.

लोंबतं टोक काढायलाच हवं, पण फांदी बुंध्याला मिळते तिथला फुगीर कडा राखून. भिंत तिथूनच उभी राहते. बुंध्यालगत सपाट कापलं, तर तीच जाते. मग वर कितीही डांबर फासा, कुजणं थांबत नाही.

(दृश्य: तीच गल्ली, जुलै. भिजलेला बुंधा.)

झाड पाडायचं पुढे ढकललं गेलं. जखमेच्या खाली बोटभर धुमारे आलेत. अजून ते बाहेरच्या थरालाच धरून आहेत, धक्का लागला तर निखळतील. आजींनी मोजलेत. अकरा आहेत.