हॅमर अँड टाँग्ज: जोर किती आणि किती वेळ

मंडळाच्या अध्यक्षबाई आणि खान्देशातून येथे येऊन स्थिरावलेल्या बंधू-भगिनींनो,

‘हॅमर अँड टाँग्ज’, शब्दशः ‘हातोडी आणि सांडशी’, हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्या कानांवर कचेरीत पडतो आणि ‘सर्व शक्तीनिशी’ असा त्याचा अर्थ आपण संदर्भावरून ताडतो. हा अर्थ बरोबर आहे, परंतु अपुरा आहे. तो पुरा करून घ्यायला कोशापेक्षा धुळे-जळगावकडील लोहाराचे दुकान अधिक उपयोगी पडते, कारण मृगापूर्वी वखराची पास पाजवून घ्यायला तेथे गेलेल्या प्रत्येकाने ते काम डोळ्यांनी पाहिलेले असते.

भात्याच्या वाऱ्यावर तापवलेले लोखंड लाल आहे तोवरच घावाला वळते. लाली उतरली की घाव वाया जातो, प्रसंगी लोखंड तडकते. म्हणून लोहार एका हातातील सांडशीने ते ऐरणीवर धरून फिरवत राहतो, दुसऱ्या हातातील हातोडीने घावाची जागा दाखवतो आणि समोर उभी असलेली व्यक्ती, पुष्कळदा त्याची पत्नीच, तेथे घण घालते. इंग्लंडातील लोहाराची रीतही फारशी निराळी नव्हती आणि अठराव्या शतकापासून छापील इंग्रजीत आढळणारा हा वाक्प्रचार तिच्यातूनच आला.

त्यामुळे त्यातला जोर मुदतबंद आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यासावर तुटून पडलेल्या मुलाला तो शोभतो. रावेरकडे आयुष्यभर केळीची बाग सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला, त्याच्या कष्टांविषयी कितीही आदर असला तरी, मी तो लावणार नाही.

आजच्या बोलण्यात मात्र तो भांडणासाठीही सर्रास येतो. दोघांचे ‘हॅमर अँड टाँग्ज’ चालले होते, म्हणजे बहुधा ते हमरीतुमरीवर आले होते. आपले ‘हातघाईवर येणे’ याच्या जवळ जाते, पण तेथे प्रकरण मारामारीपर्यंत पोहोचते. इंग्रजीत नुसती शब्दांची चकमकही पुरते.

वापरताना तो बहुधा ‘गो ॲट इट’ यासारख्या क्रियापदानंतर येतो. शब्दांचा क्रम उलटत नाही आणि ‘टाँग्ज’चे एकवचन होत नाही. शिवाय तो बोलण्यातला आहे. वरिष्ठांना पाठवायच्या टिपणात एखाद्या उत्साही चर्चेचे वर्णन या शब्दांत केले, तर बैठकीत कडाक्याचे भांडण झाले, असाच त्याचा अर्थ घेतला जाण्याची शक्यता अधिक.