आयातबंदी: शिक्का, तारीख आणि सामू

मंडळी, एखाद्या देशात लाळ्या खुरकुताची लागण झाली की ‘आयातबंदी जाहीर’ अशी बातमी येते. पण व्यापार बहुधा त्याआधीच थांबलेला असतो. पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्रात ‘हा देश किंवा हे क्षेत्र रोगमुक्त आहे’ असं वाक्य असतं, आणि रोग निश्चित झाल्या क्षणापासून सरकारी पशुवैद्याला त्याखाली सही करता येत नाही. १० जानेवारी २०२५ रोजी जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गमध्ये पाणम्हशींच्या एका कळपात हा रोग सापडला. तिथे १९८८नंतरची ही पहिलीच लागण. कळप एक, पण रोगमुक्तीचा दर्जा गेला तो अख्ख्या देशाचा.

आता समुद्रात असलेल्या मालाचं काय करायचं? इथे पाहायची ती कत्तलीची तारीख. पॅकिंगची किंवा जहाजावर चढवल्याची तारीख पाहून निर्णय घेतला तर फसगत होते. गोठवलेलं मांस कत्तलीनंतर महिन्यांनीही पॅक होऊ शकतं. शिवाय रोग सापडला त्या दिवशी सुरू झाला, असं कधीच नसतं. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत या रोगाचा सुप्तकाळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, १४ दिवस धरला आहे. म्हणून बंदीची रेषा मागे ओढावी लागते, आणि तपासात जुने व्रण सापडले तर आणखी मागे.

मांस घेताच येत नाही, असं मात्र नाही. कत्तलीनंतर स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होतं, सामू (pH; आम्ल वाढलं की हा आकडा कमी होतो) उतरतो आणि ६च्या खाली गेला की लाळ्या खुरकुताचा विषाणू तग धरत नाही. म्हणून गोमांसाच्या अटी अशा: धड २ अंशांहून जास्त तापमानाला किमान २४ तास टांगायचं, पाठीच्या दोन्ही लांब स्नायूंच्या मध्यभागी सामू मोजायचा, तो ६च्या खाली असेल तरच पुढे जायचं, हाडं आणि मुख्य लसीका ग्रंथी काढायच्या. हाडं का? अस्थिमज्जेत आणि ग्रंथींत हे आम्ल पुरेसं तयार होत नाही, तिथे विषाणू सुखरूप राहतो. डोकं, पाय, आतडी-काळीज यांना ही सवलत नाही, तीही यामुळेच.

चुका बहुतेक इथेच होतात. वाहतुकीत दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे ज्यापासून हे आम्ल तयार होतं तो साखरेचा साठा, आधीच संपलेला असतो. त्याचं मांस काळपट पडतं आणि सामू उतरतच नाही. घाईने धड गोठवलं तर आम्ल तयार होणं थांबतं, विषाणू मात्र थंडीत उत्तम टिकतो. एकाच बाजूचा सामू मोजून दोन्ही रकाने भरणं, हा तर सरळ खोटेपणा.

आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाला यातलं काहीच लागू नाही. तो विषाणू आम्लाला दाद देत नाही, खारवलेल्या आणि सुकवलेल्या डुकराच्या मांसातही महिनोन्‌महिने राहतो. तिथे मांस आतपर्यंत ७० अंशांना ३० मिनिटं तापवावं लागतं. दुधाचा हिशेब आणखी वेगळा: लाळ्या खुरकुतासाठी सामू ७च्या खाली असेल तर ७२ अंशांना १५ सेकंद एकदा, ७ किंवा वर असेल तर तेच दोनदा; नाहीतर १३२ अंशांना किमान एक सेकंद.

सरसकट देशबंदी दीर्घकाळ टिकत नाही, टिकूही नये. २०१४मध्ये लिथुआनिया आणि पोलंडमध्ये रानडुकरांत स्वाइन फीवर सापडला, तेव्हा रशियाने अख्ख्या युरोपीय संघाचं डुकराचं मांस अडवलं. जागतिक व्यापार संघटनेत ते प्रकरण रशियाच्या विरोधात गेलं. बाधित क्षेत्र वेगळं काढण्याचं तत्त्व याच संघटनेच्या, १९९५पासून लागू असलेल्या स्वच्छताविषयक करारातच आहे. अर्थात ते क्षेत्र खरोखर आवळलेलं असेल, तपासण्या आणि जनावरांच्या हालचालीच्या नोंदी दाखवता येत असतील, तरच.

आणि कंटेनर कितीही काटेकोर तपासले तरी प्रवाशाची पिशवी उरतेच; त्यातलं मांस खरकट्यातून डुकरांपर्यंत पोहोचू शकतं. २००१मध्ये ब्रिटनमधली लाळ्या खुरकुताची साथ जिथून पसरली त्या वराहपालन केंद्रात डुकरांना न उकळलेलं खरकटं दिलं जात होतं. साथ आटोक्यात येईपर्यंत ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. म्हणून एप्रिल २०२५मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना गाय, मेंढी, बकरी आणि डुकराचं मांस तसंच दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई केली. सीलबंद असो वा विमानतळावरच्या दुकानातलं, चीज आणि सँडविचसुद्धा नाही. चॉकलेट-बिस्किटं चालतात. जहाज-विमानातलं खरकटं मात्र जाळायचं किंवा खोल पुरायचं, आणि ते नेणाऱ्या गाडीची नोंद रोज पाहायची.