दोन शनिवारांमधलं वर्ष

आजच्या बोलण्यासाठी मी दोन तारखा धरून आले आहे. 12 जानेवारी 2019 आणि 11 जानेवारी 2020. दोन्ही शनिवार. या दोन शनिवारांच्या मधे जपानमध्ये रग्बीचा विश्वचषक भरला, यजमानांनी आयर्लंडला हरवलं, स्कॉटलंडला हरवलं आणि पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याबद्दल तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटलं. मी तेव्हा टोकियोत दुभाषाचं काम करत होते. मला त्या चमत्काराचा पत्ता सापडला तो या दोन शनिवारी, आणि दोन्ही दिवशी मैदानात होती ती कॉलेजची पोरं.

पहिल्या शनिवारी मला सामन्याला नेलं आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांनी. मी त्यांना ओजीसान म्हणायची. सत्तरी ओलांडलेले, मेइजी विद्यापीठाचे जुने विद्यार्थी, गळ्यात जांभळा मफलर. चिचिबुनोमिया हे मैदान टोकियोच्या ऐन मध्यात, भुयारी रेल्वेतून उतरलं की पाच-सात मिनिटांवर. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, मेइजी विरुद्ध तेनरी. मेइजीने 22-17 असा जिंकला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आजूबाजूची माणसं उड्या मारत होती. ओजीसाननी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "माए ए."

'माए ए' म्हणजे पुढे. मेइजीचे प्रशिक्षक चुजी किताजिमा यांचा हा शब्द. हा माणूस 1929 पासून 1996 पर्यंत, म्हणजे 67 वर्षं, एकाच विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक होता. 1996 साली ते गेले. त्याच हंगामात पोरांनी विजेतेपद मिळवलं, आणि नंतर 22 वर्षं मेइजीच्या हाती ते परत लागलं नाही. ओजीसान त्या टोपीकडे बघत गप्प का बसले होते, ते मला नंतर कळलं.

रग्बीत चेंडू हातातून पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो मागे किंवा बाजूला. पुढे जायचं ते स्वतःच्या पायांनी, नाहीतर लाथेने चेंडू उडवून. म्हणून जपानमध्ये म्हण पडली आहे: मेइजी उभी, वासेदा आडवी. मेइजीची धिप्पाड पोरं समोरच्या भिंतीवर सरळ धडकणार, वासेदा या दुसऱ्या विद्यापीठाची पोरं चेंडू पास करत करत कडेपर्यंत नेणार आणि तिथून निसटणार. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी हे दोघं समोरासमोर येतात. त्याच्या आधी, 23 नोव्हेंबरला, वासेदा विरुद्ध केइओ विद्यापीठ. मैदानाच्या जवळच गिंगको झाडांची प्रसिद्ध रांग आहे. त्या दिवसांत ती पिवळीधमक झालेली असते, आणि केइओचे पाठीराखे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मफलर घालून त्या पानांवरून चालत येतात. जपानी रग्बीची सुरुवातच केइओतली. 1899 साली तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क यांनी, केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या गिन्नोसुके तानाकांच्या मदतीने, मुलांच्या हातात हा लंबगोल चेंडू दिला. बेसबॉलही तिकडे असाच शाळा-कॉलेजांतून आला. खेळ आधी शाळेचा होतो, मग देशाचा, ही तिथली जुनी रीत आहे.

त्या जानेवारीत खरी बातमी मात्र उपांत्य सामन्याची होती. 2 जानेवारीला नारा प्रांतातल्या तेनरीने तेइक्यो विद्यापीठाला 29-7 ने हरवलं. तेइक्यो त्याआधी सलग नऊ वर्षं विजेते होते. नऊ! विद्यापीठाच्या संघात मुलगा चार वर्षं असतो, म्हणजे खेळाडूंच्या दोन पिढ्या पूर्ण बदलल्या तरी विजेतेपद हललं नाही. त्यांचे प्रशिक्षक मासायुकी इवादे यांनी एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. जपानी क्रीडा वसतिगृहात झाडलोट, वाढप, कपडे धुणं ही कामं पहिल्या वर्षाच्या मुलांच्या माथी असायची. वसतिगृहात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. इवादेंनी ते उलटं केलं. झाडू शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या हातात दिला. घरून नुकत्याच आलेल्या मुलाला आधी श्वास घेऊ दे, अभ्यास करू दे, शरीर कमावू दे; चौथ्या वर्षाचा मुलगा मोठा झालाय, तो घर सांभाळेल. नागारे, हिमेनो, साकाते, मात्सुदा, र्‍योतो नाकामुरा हे सगळे त्याच वसतिगृहातले, आणि सगळे 2019 च्या विश्वचषकाच्या 31 जणांत होते. आयर्लंडविरुद्ध हिमेनो पडलेल्या खेळाडूवर वाकून चेंडू हिसकावून घेत होता, तेव्हा मला त्याच्या हातात झाडू दिसत होता.

विद्यापीठानंतर कंपनी. जपानी भाषेत नोकरदार माणसाला 'शाकाइजिन' म्हणतात, समाजात उतरलेला माणूस, आणि वरिष्ठ रग्बीला कितीतरी वर्षं हाच शब्द होता. मुंबईकरांना हे लगेच कळेल. क्रिकेटच्या टाइम्स शील्डमध्ये बँका आणि कंपन्यांचे संघ उतरायचे, खेळाडू त्यांच्याच पगारपटावर. तसेच तिथले संघ कोबे स्टील, सनटोरी, तोशिबा, टोयोटा, पॅनासॉनिक यांचे. काही खेळाडू पूर्ण व्यावसायिक, आणि बरेच जण कंपनीचे कर्मचारी: आधी कार्यालय, मग सराव. डिसेंबर 2018 मध्ये कोबे स्टीलने टॉप लीगच्या, म्हणजे कंपन्यांच्या संघांच्या वरिष्ठ स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात सनटोरीला 55-5 असं धुतलं. न्यूझीलंडचा जगप्रसिद्ध खेळाडू डॅन कार्टर कोबेकडून खेळत होता. पण कंपनीचा संघ म्हणजे नक्की काय, हे मला कोबेत नाही, कामाइशीत समजलं.

कामाइशी हे ईशान्य किनाऱ्यावरचं पोलादाचं गाव. निप्पॉन स्टीलच्या तिथल्या कामगारांच्या संघाने 1979 ते 1985 सलग सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. पुढे पोलादाचे दिवस पालटले, 2001 साली संघ गावाचा क्लब झाला, कामाइशी सीवेव्ह्ज. 11 मार्च 2011 ला त्सुनामी आली. शहरात हजाराहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्या वेळी स्कॉट फार्डी नावाचा ऑस्ट्रेलियन खेळाडू सीवेव्ह्जमध्ये होता. दूतावासाने त्याला बाहेर काढायची सोय केली होती. तो गेला नाही. संघातल्या बाकीच्यांबरोबर राहिला आणि मदतीचं सामान उतरवत राहिला. 2015 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो ऑस्ट्रेलियाकडून खेळला, पण कामाइशीची माणसं त्याची आठवण काढतात ती त्या खोक्यांसाठी.

उनोसुमाई भागात समुद्राजवळ एक प्राथमिक शाळा आणि एक माध्यमिक शाळा शेजारीशेजारी होत्या. त्या दिवशी मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले आणि सगळे चढण चढून वर पळाले. खाली शाळा बुडाल्या. त्याच जागेवर गावाने रग्बीचं मैदान बांधलं. 25 सप्टेंबर 2019 ला, सुट्टी काढून, मी तिथे फिजी विरुद्ध उरुग्वे सामना पाहायला गेले. माझं आसन लाकडी होतं, सुगी नावाच्या जपानी झाडाच्या फळीचं. 2017 साली तिथल्या जंगलात वणवा लागला होता, त्यातून वाचवलेल्या लाकडाची ती फळी. समोर कोळी लोक मासेमारीच्या होड्यांवरचे रंगीबेरंगी झेंडे फडकवत होते, भरपूर मासळी मिळाली की लावतात ते. उरुग्वेने फिजीला 30-27 ने हरवलं. 14,025 प्रेक्षक होते. दोन पाहुण्या देशांचा सामना, आणि गावच्या शाळांतली मुलं दोघांच्याही नावाने ओरडत होती. तिथला दुसरा सामना, नामिबिया विरुद्ध कॅनडा, वादळामुळे रद्द झाला. तेव्हा कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन गावात चिखल उपसायला गेले. मला विश्वचषकाची दोनच छायाचित्रं ठेवायला सांगितली तर त्यातलं एक ते असेल.

राष्ट्रीय संघाकडे आता येते. तेव्हाचे प्रशिक्षक न्यूझीलंडचे जेमी जोसेफ, कर्णधार मायकेल लीच, घोषवाक्य 'वन टीम'. 31 पैकी जवळपास निम्मे परदेशात जन्मलेले, आणि त्यावर इकडच्या काही मंडळींनी मला विचारलं होतं, मग यात जपानी ते काय? त्याचं उत्तर द्यायचं तर परत शाळेत जावं लागतं. लीच न्यूझीलंडमध्ये जन्मला, पण पंधराव्या वर्षी साप्पोरोच्या शाळेत आला, पुढे तोकाई विद्यापीठात शिकला, मग तोशिबात. कू जी-वॉन सोलमध्ये जन्मला. त्याचे वडील कोरियाचे खेळाडू, होंडाच्या संघात खेळलेले. मुलगा जपानी शाळेत, ताकुशोकु विद्यापीठात वाढला आणि वडिलांच्याच होंडात लागला. ही मुलं वसतिगृहातलाच भात खाऊन मोठी झाली. त्या उन्हाळ्यात मियाझाकीच्या शिबिरात सगळा संघ ह्युगाच्या ओमी मंदिरात गेला. राष्ट्रगीतात 'साझारेइशी' येतो, बारीक खड्यांचा मिळून झालेला खडक. तसा एक प्रचंड खडक त्या मंदिरात आहे. त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस हे खेळाडू एकत्र होते, आणि त्या काळात त्यांना सोडणाऱ्या कंपन्यांचं नाव कुठल्या गुणफलकावर येत नाही.

28 सप्टेंबरला शिझुओकात आयर्लंडविरुद्ध पहिल्या सत्रातच एक स्क्रम झाला. आठ विरुद्ध आठ, खांद्याला खांदा. जपानी आठांनी आयर्लंडला मागे रेटलं, पेनल्टी मिळाली, आणि एरवी शांत असणारा कू आभाळाकडे बघून गरजला. 19-12. आयर्लंड स्पर्धेला आला तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता.

मग 12 ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. आम्ही रात्रभर नदीच्या पातळीचे आकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी योकोहामात स्कॉटलंडशी सामना होणार की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. योकोहामाचं ते मैदान खांबांवर उभं आहे, कारण खालची जमीन त्सुरुमी नदीचं पुराचं पाणी साठवण्यासाठी राखलेली आहे. त्या रात्री तिथे सुमारे साडेनऊ लाख घनमीटर पाणी शिरलं, आणि वरची हिरवळ खेळण्यालायक राहिली. रविवारी सामना झाला. आधी मृतांसाठी स्तब्धता. मी ओजीसानच्या घरी होते, गॅलरीतला पालापाचोळा आम्ही तासाभरापूर्वीच उचलला होता. कू दुखापत होऊन रडत बाहेर गेला, तेव्हा ओजीसानही डोळे पुसत होते. मग ती ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं. होरिएकडून मूर, मूरकडून तुपोउ, प्रत्येक जण पडता पडता पास देतोय, आणि शेवटी चेंडू इनागाकीच्या हातात. इनागाकी म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला, आयुष्य ढकलण्यात गेलेला माणूस. आंतरराष्ट्रीय सामन्यातली त्याची ती पहिलीच ट्राय. "आडवी," ओजीसान म्हणाले, "ही तर वासेदाची ट्राय!" वासेदाची अशी स्तुती त्यांच्या तोंडून मी तेवढ्या एकदाच ऐकली. 28-21.

20 ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेने 26-3 ने हरवलं. पुढे विजेतेही तेच झाले. मध्यंतराला मात्र 5-3 होतं. तो दिवस सेइजी हिराओंचा स्मृतिदिन. दोशिशा विद्यापीठाला आणि मग कोबे स्टीलला ओळीने विजेतेपदं मिळवून देणारे, विश्वचषक जपानमध्ये यावा म्हणून झटलेले हिराओ 2016 साली याच तारखेला गेले होते. टोकियो परिसरात त्या सामन्याला 41.6 टक्के घरांतले टीव्ही लागले होते.

डिसेंबरात गिंगकोची पानं गळली, आणि वासेदा-मेइजी सामन्याला आम्ही परत चिचिबुनोमियात. मेइजी 36, वासेदा 7. ओजीसान परतीच्या गाडीत गाणं गुणगुणत होते.

दुसरा शनिवार. ऑलिम्पिकसाठी बांधलेलं नवं कोरं राष्ट्रीय मैदान, 57,345 माणसं, विद्यापीठांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, मेइजी आणि वासेदा पुन्हा समोरासमोर. मध्यंतराला वासेदा 31, मेइजी शून्य. सव्वा महिन्यापूर्वी ज्यांना तुडवलं, त्यांनी कडेकडेने चेंडू फिरवत मेइजीची भिंतच उघडी पाडली. स्क्रमच्या मागून नाओतो साइतो चेंडू सोडायचा तो इतक्या लवकर, की मी पुढचा खेळाडू शोधेपर्यंत चेंडू तिसऱ्याकडे गेलेला असायचा. मेइजीने दुसऱ्या सत्रात जीव तोडला, 35 पर्यंत आले. 45-35.

वासेदाचं एक गाणं आहे, 'आराबुरु'. राष्ट्रीय विजेतेपद मिळालं तरच ते म्हणायचं, हा त्यांचा नियम. अकरा वर्षं ते कोणी म्हटलं नव्हतं. मैदानातल्या अनेक मुलांनी ते पाठ केलं होतं आणि मोठ्याने म्हणायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी ते म्हटलं, गडद लाल आणि काळ्या पट्ट्यांच्या जर्सीत, बऱ्याच जणांचा आवाज मधेच फुटला. मेइजीच्या बाजूची माणसं निघायला लागली होती. मी पर्स उचलली. ओजीसाननी माझ्या हातावर हात ठेवला. टोपी काढली आणि गाणं संपेपर्यंत उभे राहिले.