राँग साइड

('राँग' या इंग्रजी शब्दावरच्या फिल्मचं निवेदन. नागपूर-तुळजापूर महामार्ग, यवतमाळच्या अलीकडे. सकाळ. कापसाची ट्रॉली समोरून.)

ट्रॅक्टर येतोय तो सरळ आपल्या अंगावर. कापूस ट्रॉलीच्या फाळक्याच्या वर चढलाय, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दोघं पाय सोडून बसलेले. रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, आणि जिनिंगकडे वळायचा कट गेला पार पुढच्या फाट्यावर. तेवढं डिझेल कोण जाळणार? म्हणून उलटा. टपरीवाला चहा गाळता गाळता, मान वर न करता सांगतो, "राँग साइडनं येऊन रायला बाप्पा. रोजचंच हाय."

'राँग' हा शब्द त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवला नसेल. तरी तो त्याच्या तोंडात चपखल बसलाय.

आता जरा गंमत पाहा. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूनं चालवायची. म्हणजे उजवी बाजू ती उलटी. उजव्याला इंग्रजीत राइट. बरोबर असलेल्यालाही राइट. तेव्हा या महामार्गावर जी राइट साइड, तीच राँग साइड. ट्रॅक्टरवाल्याला याचा काही घोळ होत नाही. घोळ होतो तो शाळेत.

(जिल्हा परिषद शाळा. चौथीचा वर्ग. फळा.)

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली. या वर्गातल्या पोरांचे आईबाप तेव्हा स्वतःच शाळेत होते. मॅडम फळ्यावर 'राइट' लिहितात आणि विरुद्ध शब्द विचारतात. खिडकीकडून आवाज येतो, "लेफ्ट!" मागून येतो, "राँग!" पुढची दोन मिनिटं वर्गाचे दोन पक्ष. "काऊन बे, डावा म्हणजे लेफ्टच ना?" "मंग टिक मारते तवा मॅडम राइट काऊन म्हणते?" मॅडम हसतात, थांबवत नाहीत. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. कॅमेऱ्यातही मधल्या ओळीतली ती मुलगी दिसते, जिनं हात वर केला आणि मग खाली घेतला.

आमचं म्हणणं इथूनच सुरू होतं. पोरांच्या दप्तरातल्या गाइडात एक ओळ आहे: राँग, म्हणजे चूक. पाठ करा. ती ओळ खोटी नाही, पण तिच्यावर वाक्य उभं करायला गेलात की कोसळतं. 'चूक' हे मराठीत नाम. 'मी चूक केली' याचं पोरं इमानानं करतात 'आय डिड अ राँग'. इंग्रज तसं म्हणत नाही. तो म्हणतो 'आय मेड अ मिस्टेक', नाहीतर 'आय वॉज राँग'. राँग हे बहुतेक वेळा विशेषण, कशाला तरी चिकटून येणारं: राँग आन्सर, राँग बस, राँग नंबर.

बसवरून आठवलं. दारव्ह्याला जायचं आणि चुकून भलत्याच गाडीत बसलात, तर कंडक्टरपुढे 'आय ॲम ऑन राँग बस' म्हणून भागत नाही. मधे 'द' लागतो: 'ऑन द राँग बस'. चुकीच्या गाड्या स्टँडवर दहा असतील, तरी 'द'. मराठीला असलं उपपद ठाऊकच नाही, म्हणून पोरं ते गाळतात, आणि पेपरात तिथंच गुण जातो.

(गावची हापशी. दुपार.)

  या लुगड्याकडे पाहा.

दोघी जणी, दोन टोकं. एक डावीकडे पिळते, दुसरी उजवीकडे. कापडाचा दोर होतो, मधोमध गाठीसारखा पीळ बसतो आणि पाणी धारेनं खाली. जवळून पाहा: जोर बोटांचा नाही, मनगटाचा आहे. बांगड्या कोपराकडे सरकवून घेतल्यात.

पिळणं म्हणजे इंग्रजीत 'रिंग'. अंगठीची रिंग नव्हे, हिच्या पुढ्यात न उच्चारला जाणारा डब्ल्यू आहे. मनगट म्हणजे 'रिस्ट', तिथंही डब्ल्यू. हापशीची चेन उघडायला मिस्त्री पाना लावतोय, तो 'रेंच', पुन्हा डब्ल्यू. या सगळ्यांत समान काय? पीळ, वळसा, फिरवणं. आणि याच घराण्यातला आपला राँग. मूळ अर्थ वाकडा.

इंग्रजीत तो बाहेरून आला. 865 साली डेन लोकांचं मोठं सैन्य इंग्लंडच्या पूर्वेला उतरलं. आधी लुटालूट, मग वस्ती. नांगर धरले, शेजारपाजार झाला, भाषा एकमेकींत मिसळल्या. त्या उत्तरेकडच्या बोलीत वाकड्याला 'रांग्र' म्हणत, त्याहून जुन्या रूपात 'व्रांग्र'. डॅनिशमध्ये आजही 'व्रांग' आहे, व शाबूत. इंग्रजीतही तो व पूर्वी तोंडानं म्हणत. सतराव्या शतकाच्या आसपास तो बोलण्यातून गळाला आणि लिहिण्यात अडकून राहिला. चौथीतला पोरगा 'आर'पासून स्पेलिंग सुरू करतो तेव्हा तो कानाला इमान राखतोय, एवढं तरी लक्षात घ्यावं.

आणि राइट? त्याचा मूळ अर्थ सरळ. आपला संस्कृत 'ऋजु' त्याच मुळाचा. सरळमार्गी माणूस, वाकडी वाट, हे मराठीला कोणी इंग्रजीतून शिकवलेलं नाही.

हे एवढं सगळं चौथीला सांगायचं का? मॅडमनी सांगितलं. लुगडं पिळून दाखवलं, मनगट फिरवायला लावलं, डब्ल्यू लिहायला लावला. तास संपेपर्यंत वर्गात कोणी डब्ल्यू विसरलं नाही. चित्रीकरणात पाट्या दिसतात.

(घराची ओसरी. आजी आणि फोन.)

"कोन बोलून रायलं? नाई जी, राँग नंबर हाय, ठेवा." आजीला अक्षर येत नाही, पण हा शब्द येतो. फोन लावणारा माणूस वाईट नाही, नंबरही वाईट नाही. फक्त जिथं लागायला हवा तिथं लागला नाही. शब्दाची ही एक बाजू आजीकडून शिकावी.

दुसरी बाजू वेगळी. बेरीज चुकली तर राँग. बैलाला तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचली तर तेही राँग. 'इट इज राँग टू हर्ट ॲन ॲनिमल.' मराठीत आपण गणिताला चुकलं म्हणतो, आणि बैलाच्या बाबतीत वाईट, पाप, अन्याय असे वेगळे शब्द काढतो. इंग्रजी दोन्हीकडे एकच नाणं चालवते. म्हणून वर्गात ते जपून वापरावं लागतं. 'यू आर राँग' हे इंग्रजीत रोजचं, सपक वाक्य. पण माझं चुकलं, तुझं चुकलं असं बोलणाऱ्या घरातलं पोर ते ऐकतं तेव्हा त्याला वाटतं, मीच चूक आहे. मराठीत चूक माणसाच्या बाजूला ठेवलेली असते, त्याच्या अंगाला लावलेली नसते. मॅडम 'युवर आन्सर इज राँग' म्हणतात. छोटासाच फरक.

(फळ्यासमोर तोच मागच्या बाकावरचा पोरगा. चेहरा.)

"व्हॉट्स राँग?" मॅडम विचारतात. तो गोंधळून वहीत पाहतो, कुठं चुकलं ते शोधतो. तशी चूक नाहीच. त्याचं पोट दुखतंय, आणि मॅडम विचारतायत, काय होतंय बाळा?



मॅडमचा पुढचा तास 'मिस्टेक'चा. त्यासाठी पोरं आठवडी बाजारातल्या दुकानांच्या इंग्रजी पाट्या जशाच्या तशा वहीत उतरवून आणणार आहेत. अट एकच: कोणत्या पाटीत काय चुकलंय ते दुकानदाराला आत्ताच सांगायचं नाही, नाहीतर पुढच्या बाजारी कोणी उभं करणार नाही.